दामिनी, रडार आणि एक प्लास्टिकचं नरसाळं: द्राक्षबागेतले सात महिने

आमची दोन एकर थॉमसन जातीची द्राक्षबाग नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात आहे. २६ नोव्हेंबर २०२३ ला गारा पडल्या त्या दुपारी माझ्या फोनवरचं अ‍ॅप (नाव घेत नाही) ढगाआडून डोकावणारा सूर्य दाखवत होतं. संध्याकाळी बागेत पानांचा चुरा होता. ते अ‍ॅप काढून टाकायलाही मला पुढे वर्ष लागलं, सवय असते.

गेल्या गोड छाटणीपासून (ऑक्टोबरातली, फळासाठीची) यंदाच्या खरड छाटणीपर्यंत (एप्रिलातली, हंगाम संपल्यावरची) तीन गोष्टी रोज वापरल्या: हवामान खात्याचा अंदाज आणि रडार, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं विजेचा इशारा देणारं दामिनी अ‍ॅप, आणि खांबाला ठोकलेला प्लास्टिकच्या नरसाळ्याचा साधा पर्जन्यमापक.

आधी अंदाज वाचायलाच शिकावं लागलं. 'तुरळक ठिकाणी पाऊस' म्हणजे खात्याने अंग काढून घेतलं, असं मी समजायचो. पण त्या शब्दाला माप आहे. त्या भागातल्या केंद्रांपैकी २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस म्हणजे 'तुरळक', २६ ते ५० टक्के म्हणजे 'काही ठिकाणी'. हे कळल्यावर चिडचिड निम्मी कमी झाली. पिवळा इशारा आला आणि आमच्याकडे कोरडं गेलं, तर तो पिंपळगावला पडला असेल. अंदाजावरून मी फक्त कोणत्या दिवशी मजूर सांगायचे नाहीत ते ठरवतो. तास ठरवायला तो कामाचा नाही.

तास ठरवायला दामिनी. आपल्याभोवती २० आणि ४० किलोमीटरची वर्तुळं दिसतात, कडाडलेली वीज ठिपक्यांत दिसते, ताजी-जुनी रंगावरून कळते. नोव्हेंबरात बाग फुलोऱ्यात, डावणी या बुरशीरोगाची धास्ती, सव्वातीनला ब्लोअरमध्ये (फवारणी यंत्रात) सहाशे लिटर पाणी भरलं. चुलतभाऊ म्हणाला, "दादा, ऊन पडलंय, उरकून घेऊ." पाहतो तर सिन्नरच्या अंगाला मोठ्या वर्तुळात ठिपके. चहा होईस्तोवर ते आतल्या वर्तुळात सरकले. औषध अजून टाकीत ओतलं नव्हतं म्हणून वाचलं. चार-दहाला थेंब सुरू झाले, मापकात ९ मिलिमीटर.

जानेवारीत मात्र फसलो. रडारवर पिवळा पट्टा थेट डोक्यावर, म्हणून फवारणी थांबवली. थेंब नाही. दोघांची रोजंदारी गेली, वर घरच्यांचं ऐकून घेतलं. नंतर कारण उमगलं: मुंबईच्या रडारचा किरण आमच्यापर्यंत येतो तोवर पृथ्वीच्या गोलाईमुळे काही किलोमीटर वर गेलेला असतो. वर पाऊस दिसतो, खाली कोरड्या हवेत तो वाटेतच आटतो. आता एका चित्रावर विसंबत नाही. लागोपाठची तीन-चार पाहतो, पट्टा कुठल्या बाजूला सरकतोय आणि वाढतोय की विरतोय ते बघतो.

दामिनीबद्दल एक सांगायलाच हवं. लोकेशन बंद असेल तर इशारा मिळत नाही. माझ्या फोनने बॅटरी वाचवायला ते आपणहून बंद केलं होतं, आणि महिनाभर मी 'वीजच नाही' म्हणून खूश. तो दोष माझा.

पर्जन्यमापकावर कोणी लिहीत नाही, म्हणून लिहितो. १ मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर १ लिटर पाणी. खातं २.५ मिलिमीटरच्या पुढेच 'पावसाचा दिवस' धरतं, पण दोडा अवस्थेत (फुलोऱ्याच्या आसपास) आम्हाला एका मिलिमीटरनेही घाम फुटतो. पानं रात्रभर ओली राहिली की डावणी आलीच. एकदा माझ्याकडे ३ आणि ओढ्यापलीकडच्या आबांच्या मापकात ११ भरले. आबा म्हणाले, "तुझं नरसाळं बघ आधी." बघितलं, तर खरंच मुंग्यांनी माती भरली होती. साफ केलं. पुढच्या पावसात माझे ४, त्यांचे १०. म्हणजे पाऊसच कमी-जास्त पडतो. तेव्हापासून दोघांचे आकडे एकाच वहीत लिहितो, आणि फवारणी कुठल्या टोकाकडून सुरू करायची ते त्या वहीवर ठरतं.