घड्याळ लावून तैल आणि ॲक्रेलिक: होळीपासून दिवाळीपर्यंतचा अनुभव

आधी निकाल सांगतो, मग तपशील. तळहाताएवढी चित्रं घड्याळ लावून वीस-वीस मिनिटांत करायची, ही पद्धत मी होळीच्या सुमारास धरली आणि आता दिवाळी होऊन गेली. रंग मिसळणं आणि उजेड-सावलीची पातळी ओळखणं यात जो फरक पडला, तो त्याआधीच्या कित्येक वर्षांत पडला नव्हता. रेखाटन मात्र होतं तिथंच आहे. पितळी गडव्याचं तोंड आजही माझ्या हातून एका बाजूला कलतं, आणि ते घड्याळानं सुधारणार नाही हे आता पक्कं कळलंय.

मी चित्रकार नाही. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दिल्या, पुढं रंगपेटी माळ्यावर गेली. आर्वी तालुक्यात आमचं कृषी केंद्र आहे. मृगाच्या तोंडावर बियाणं-खताची गर्दी सुरू झाली की मान वर करायला फुरसत नसते. मोठा कॅनव्हास सुरू केला की तो महिनोन्महिने भिंतीला टेकून राहायचा आणि प्रत्येक वेळी पुन्हा हात लावताना पहिला विचार काय होता तेच आठवायचं नाही. माझ्यासारख्यांना छोटं चित्र सोयीचं पडतं ते यामुळं. उन्हाळ्यात एक ते चार दुकानाचं शटर खाली असतं. जेवण करून उरतो तो अर्धा-पाऊण तास.

पद्धत अशी. एक वस्तू, एकच बाजूचा उजेड. खोक्याला आतून काळा कागद चिकटवायचा, वस्तू त्यात ठेवायची, एका बाजूनं बल्ब. पहिली तीन मिनिटं ब्रश हातात घ्यायचा नाही. डोळे बारीक करून बघायचं आणि सर्वांत काळोखी जागा कोणती, सर्वांत उजळ कोणती, हे ठरवायचं. मग सगळ्यात रुंद चपट्या ब्रशनं मोठे आकार टाकायचे. निम्मा वेळ सरेपर्यंत बारीक ब्रशला हात नाही. गजर झाला की थांबायचं, चित्र कसंही असो. शेवटची अट सर्वांत जड जाते, आणि खरं काम तीच करते. 'नंतर दुरुस्त करू' ही सोयच काढून घेतल्यामुळं सावलीचा रंग आधी ठरवावा लागतो. वेळ भरपूर असला की आपण वांग्याच्या देठावरचे काटे रंगवत बसतो आणि वांगं टेबलावर टेकलंय की हवेत तरंगतंय हे शेवटी बघतो.

वांगं मुद्दाम म्हणतोय. सुरुवातीला याहून चांगली वस्तू नाही. अंग जवळजवळ काळं, त्यावर बल्बचा लख्ख ठिपका आणि खालच्या कडेला टेबलाचा परत फेकलेला मंद उजेड. या तीन पातळ्या बरोबर लागल्या की रंग थोडा चुकला तरी वांगं गोल दिसतं. जांभळी ट्यूब घेऊ नका; अल्ट्रामरीन निळा आणि अलिझरिन किरमिजी मिसळून हवा तसा जांभळा करता येतो. शिवाय मॉडेल वाया जात नाही. गजर वाजला की आई आतून ओरडते, "झालं का तुयं वांगं? आण इकडं, चिरतो."

संत्रं त्याच्या उलट. ते उजेडात सोपं आणि सावलीत अवघड. सावलीसाठी नारिंगीत काळा घातला की ते मळकट, हिरवट दिसायला लागतं. बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी आणि चिमूटभर अल्ट्रामरीन घातलं की सावलीतही संत्रं संत्रंच राहतं. मोर्शी-वरुडच्या पट्ट्यात आंबिया बहार आला की हा अभ्यास दहा-वीस रुपयांत होतो. कापसाचं फुटलेलं बोंड सर्वांत शेवटी घ्या. पांढऱ्या कापसात शुद्ध पांढरा जेमतेम टाचणीच्या टोकाएवढा असतो, बाकी सगळा करडा, निळसर किंवा पिवळसर. हे मला पुस्तकी माहीत होतं. हाताला कळलं ते बोंडामुळं.

रंग मोजकेच घेतले: टायटॅनियम पांढरा, अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, यलो ऑकर (मातकट पिवळा), लेमन यलो, अलिझरिन आणि एक तांबडा. काळा नाही. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिळून काळ्याच्या जवळ जातात, आणि प्रमाण बदललं की तोच काळोख थंड किंवा उबदार करता येतो. अँडर्स झोर्न हा स्वीडिश चित्रकार पांढरा, काळा, ऑकर आणि शेंदरी तांबडा एवढ्या चारच रंगांसाठी ओळखला जातो. ते चार घेऊनही आठवडाभर काम केलं. माणसाच्या कातडीला उत्तम, पण आमच्या श्रावणातल्या हिरव्या वावराला अपुरे पडतात.

आता मुख्य गोष्ट, जी मुंबई-पुण्याकडच्या सल्ल्यात सापडणार नाही: विदर्भातला मे महिना आणि ॲक्रेलिक यांचं जमत नाही. ॲक्रेलिकमधलं पाणी उडालं की त्यातले प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटतात आणि रंग पक्का होतो. पारा पंचेचाळीसला आणि बाहेर कोरडी झळ, तेव्हा ते पाणी किती वेळ थांबणार? पॅलेटवर रंग काढून वस्तूकडं बघेपर्यंत त्यावर साय धरते. कुलरसमोर बसलात तर आणखी वाईट. हवा ओलसर असली तरी झोत रंगावरून जातो. कडा मऊ करायला मिळतच नाहीत, सगळं चित्र कात्रीनं कापल्यासारखं. बाजारात रंग उशिरा वाळवणारं द्रव्य मिळतं, पण ते जास्त झालं की रंग चिकचिकीत राहतो.

यावर चाललेला उपाय घरातलाच. स्टीलचा पसरट डबा, तळाशी ओलं सुती फडकं, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग. झाकण लावून ठेवला की उन्हाळ्यातही संध्याकाळपर्यंत रंग जिवंत राहतो. सोबत पाण्याची फवारणीची बाटली. पण ॲक्रेलिकचा दुसरा स्वभाव डब्यानं सुटत नाही: वाळल्यावर रंग गडद होतो. ओला असताना त्यातलं माध्यम दुधाळ असतं, वाळल्यावर ते पारदर्शक होतं, म्हणून मघाशी जुळवलेली छटा आता एक पायरी खाली गेलेली असते. वीस मिनिटांच्या कामात याचा फार त्रास होतो, कारण पहिला थर वाळलेला आणि दुसरा ओला, दोघांची तुलना फसवी. मी कागदाच्या तुकड्यावर ठिपका लावून तो वाळवून बघतो आणि मगच पुढं जातो. मिनिटभर जातं, पण वसूल होतं.

पावसाळा लागला आणि तेच ॲक्रेलिक शहाणं झालं. हवेत ओल असली की कडा जुळवायला सवड मिळते. उलट तैलरंगाला पावसाळा जाचतो. तेलाचं वाळणं पाणी उडण्यासारखं नसतं. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, त्याला दिवस लागतात. उंबर नावाचा तपकिरी रंग लवकर आवळतो, कारण त्यात मँगनीज असतं. टायटॅनियम पांढरा रेंगाळतो. त्यात पावसाळी रात्री बल्बभोवती जमणारी पाखरं. एका संत्र्यावर इतकी चिकटली की ते संत्रं मी तसंच ठेवलं, बघायला आलेले लोक आधी तेच बघतात. म्हणून माझी वाटणी अशी ठरली: उन्हाळ्यात तैल, पावसाळ्यात ॲक्रेलिक, हिवाळ्यात मर्जी.

कमी वेळात शिकायला तैल जास्त उदार आहे, हे माझं मत. ओल्यात ओला रंग घालून एका बैठकीत चित्र पुरं करता येतं, छटा लावली तशीच राहते आणि चुकलं तर पॅलेट नाइफनं खरवडून तोच पुठ्ठा पुन्हा वापरता येतो. ॲक्रेलिक मात्र ठरवायला भाग पाडतं. दोन्ही करा, पण एकाच आठवड्यात अदलाबदल करू नका, हात गोंधळतो. आणि वाळलेल्या ॲक्रेलिकवर तैल चालतं, तैलावर ॲक्रेलिक धरत नाही.

तैल वापरणाऱ्या इकडच्या लोकांना एक इशारा, तो हलक्यात घेऊ नका. तैलरंगात बहुधा जवसाचंच तेल असतं, जे आपण चटणीसोबत खातो. त्या तेलात भिजलेल्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकल्या तर तेल घट्ट होताना निघणारी उष्णता आतच कोंडते आणि चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. आमच्याकडं भाव येईपर्यंत घरातच कापूस भरून ठेवायची पद्धत. वर टिनाचं छप्पर. चिंध्या पाणी भरलेल्या डब्यात बुडवा किंवा अंगणात एकेक सुटी पसरून वाळवा. तेलघाणीवरचं तेल रंगात घालायचा मोह होतो, पण त्यात चिकट अंश राहतो, ते उशिरा वाळतं आणि पिवळं पडतं. मुळात वीस मिनिटांच्या चित्राला ट्यूबमधलं तेल पुरतं. टर्पेंटाइनही मी बंद खोलीत उघडत नाही.

पुठ्ठ्याचा खर्च शून्य आहे. जाड लग्नपत्रिकांवर गेसोचे, म्हणजे रंगाआधी द्यायच्या पांढऱ्या अस्तराचे, दोन हात द्यायचे, वर पातळ बर्न्ट सिएनाचा वॉश. पांढऱ्या पृष्ठभागावर प्रत्येक रंग आहे त्यापेक्षा गडद भासतो, तपकिरीवर अंदाज बरोबर येतो. गेसो न देता तैलरंग लावला तर तेल कागदात मुरून त्याला खातं. जॉन कॉन्स्टेबल या इंग्लिश निसर्गचित्रकारानंही 1821-22 साली लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला ढगांचे अभ्यास कागदावरच तैलरंगात केले होते, आणि त्यातल्या अनेकांच्या मागं तारीख, वेळ, वारा कुठून वाहतोय हे लिहून ठेवलं. मी ती सवय उचलली. पत्रिकेच्या मागं किती मिनिटं, कोणता उजेड, वीज होती की गेली, एवढं टिपतो. महिन्याकाठी सगळ्या ओळीत मांडल्या की आपल्या खोडी उघड्या पडतात. माझी खोड म्हणजे सगळ्या सावल्या एकाच तपकिरी निळ्यातल्या.

बाहेर जाऊन करायचं तर घड्याळाची गरज पडत नाही, ऊनच वेळ ठरवतं. फाल्गुनात शेताच्या धुऱ्यावरचा पळस रंगवायला गेलो तर अर्ध्या तासात सावली दुसऱ्या बाजूला सरकलेली. पळस दिसतो भडक, पण डोळे बारीक केले की तो आभाळापेक्षा खूप गडद असतो. सगळे तिथंच फसतात आणि त्यात पांढरा ओततात; मग फूल गुलाबी होतं. अमेरिकेत प्रोव्हिन्सटाउनला 1899 साली चित्रकलेची शाळा काढणारे चार्ल्स हॉथॉर्न विद्यार्थ्यांना समुद्रकिनारी उन्हाकडं पाठ केलेल्या माणसांची चित्रं करायला लावत, ब्रशऐवजी पुट्टी लावायचा चाकू देऊन, म्हणजे नाक-डोळे काढायचा प्रश्नच येऊ नये. आमच्या बंडीवर, म्हणजे बैलगाडीवर, बसलेल्या पोट्ट्यांवर मी हे करून पाहिलं. पोट्टे हलतात, पण चाकूच्या कामात ते खपतं.

तोटेही आहेत. रोज वीस मिनिटं म्हटलं की हात युक्त्या शोधतो: तोच पांढरा फटकारा, तीच पार्श्वभूमी. असं दिसायला लागलं की वेळ पाच मिनिटांवर आणा, फक्त दोन पातळ्या, काळोख आणि उजेड. किंवा तीच वस्तू चाळीस मिनिटं घ्या. फोनवर फोटो काळा-पांढरा करून पातळ्या तपासता येतात, पण कॅमेरा सावल्या आणखी काळ्या करतो, त्यामुळं त्याला पंच मानू नका. ग्रेड परीक्षेला बसणाऱ्या मुलांसाठी ही पद्धत स्थिरचित्राला उपयोगी पडेल, संकल्पचित्राला नाही. रेखाटन कच्चं असेल तर आधी सहा महिने पेन्सिल धरा. रंगाच्या घाईत ती उणीव झाकली जाते, भरली जात नाही. गुण द्यायचे तर पाचपैकी चार.

नव्यानं सुरू करणाऱ्यानं आषाढात ॲक्रेलिकनं सुरुवात करावी आणि वस्तू आठवडाभर तीच ठेवावी. दोन चपटे ब्रश पुरेत, एक रुंद आणि एक मध्यम. ॲक्रेलिकचा ब्रश वाळू दिला तर तो गेलाच समजा. रंगांचा तयार संच घेऊ नका, त्यातले निम्मे रंग तसेच राहतात. सुट्या ट्यूब वर्ध्याला किंवा नागपूरला मिळतात. पांढरा बाकी रंगांच्या दुप्पट-तिप्पट संपतो, तेवढा मोठा घ्या.