शॉकअप आधी की गिअर? मालवाहू ई-सायकलीवर पैसे घालण्यापूर्वी

उचगावहून भाजीच्या करंड्या घेऊन रोज बेळगावात उतरणारा माझा भाचा परवा म्हणाला, "मामा, हाताला मुंग्या येतात ओ. पुढं शॉकअप घालून घेतो." त्याची सायकल लांब कॅरियरची, माल सगळा मागे. शॉकअप घालायचा की गिअर बदलायचे? पैसे एकाच कामापुरते. मी त्याला उलट विचारलं, मोटर कुठं आहे?

तुमचाही निर्णय तिथूनच सुरू होतो. मोटर पुढच्या हबात, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात, असेल तर शॉकअपचा विचार सोडा. बहुतेक शॉकअपचे खालचे पाय मॅग्नेशियमचे किंवा अ‍ॅल्युमिनियमचे ओतीव असतात. चाकाचा आस ज्या खाचांत बसतो त्यांना मोटरचा पीळ सोसत नाही, खाच तडकू शकते आणि चाक निसटतं. तिथं पोलादी साधा चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क) आणि टॉर्क आर्म (आसाला फिरू न देणारी पट्टी) हीच जोडी बरी.

मोटर मागच्या हबात असेल तर चेनवर फक्त तुमच्या पायांचा जोर येतो. चेन बऱ्यापैकी टिकते, म्हणून महागडा गिअर संच घेण्यात अर्थ नाही. बहुतेक हब मोटरींवर आट्यांवर फिरवून बसणारा चकत्यांचा संच, म्हणजे फ्रीव्हील, बसतो; सरकवून बसणारी कॅसेट नाही. हे न पाहता कॅसेट मागवणारे मी पाहिलेत. पण गिअर हलका करणं इथंही फायद्याचंच. चढावर वेग पडला की हब मोटर तापते, तेव्हा पायाची मदत कामी यायला हवी.

आकडेच बघा. पुढं 42 दात, मागं मोठी चकती 28 ची, चाक 26 इंची. पायडलच्या एका फेरीत सायकल साधारण 3.1 मीटर जाते. मिनिटाला 60 फेऱ्या मारल्या तर ताशी 11 किलोमीटर. भरल्या करंड्या घेऊन बेळगावजवळच्या राजहंसगडाच्या चढावर हा वेग राखता येत नाही, पाय अडकतात. पुढं आणि मागं दोन्हीकडं 34 केलं की तेवढ्याच फेऱ्यांत ताशी साडेसात. एवढ्या बदलात गुडघे वाचतात. फक्त मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) 34 दातांची चकती झेपणारा आहे ना, ते आधी बघा.

मोटर मधे, क्रँकजवळ (पायडलच्या दांड्यांपाशी) असेल तर हिशेबच उलटतो. मोटरची आणि तुमची सगळी ताकद एकाच चेनमधून जाते. चढावर जोर चालू ठेवून गिअर टाकला की 'कडाक्' होतं, आणि तो आवाज दातांचा असतो. इथं तीन वाटा आहेत. साधा 9 गिअरचा संच स्वस्त, पण तो झिजून संपणारी वस्तू समजूनच घ्यायचा. शिमानोने 2021 मध्ये आणलेल्या लिंकग्लाइडच्या चकत्यांचे दात जाड आहेत, जुन्या पद्धतीच्या तिप्पट टिकतात असा कंपनीचा दावा आहे. मात्र शिफ्टर (हँडलवरचा गिअर बदलायचा खटका) आणि डिरेलर त्याच घराण्यातले लागतात. तिसरी वाट हबाच्या पोटातल्या गिअरची. सिग्नलला उभ्या उभ्या गिअर बदलतो, चिखल आत जात नाही. पण चाक नव्याने तारा भरून बांधावं लागतं आणि बिघडलं तर गल्लीतला मिस्त्री हात लावत नाही. मी दुसरी, लिंकग्लाइडची वाट घेईन.

चेन मोजायला दुकानात जायची गरज नाही. एका पिनेच्या मध्यापासून बाहेरच्या-आतल्या कड्यांच्या 12 पूर्ण जोड्या मोजा, 12 इंच भरायला हव्यात. सोळावा भाग इंच जास्त भरला तर फक्त चेन बदला. आठवा भाग जास्त असेल तर चकत्याही गेल्याच. खानापूर-जांबोटीकडच्या पावसात लाल चिखल चेनवर बसतो आणि कानशीसारखा घासतो. लांब सायकलीला चेनही दीड-दोन जोडून घालावी लागते, तेव्हा खर्च दुप्पट धरा.

आता शॉकअप. माल मागे असेल तर पुढच्या चाकावर वजन थोडंच येतं, त्यामुळे शॉकअपने मालाचे धक्के कमी होत नाहीत, फक्त तुमच्या मनगटांना आराम मिळतो. त्यात साध्या 26 इंची चिमट्याची उंची 40 सेंटिमीटरच्या आसपास, 80 मिलिमीटर दबणाऱ्या शॉकअपची 45 च्या. उंची वाढली की दर 20 मिलिमीटरला हँडलची नळी साधारण एक अंश मागे कलते. मग हळू वेगात, मागे ओझं असताना, हँडल आपोआप एका बाजूला पडायला बघतं. बाजारच्या गर्दीत याचा वैताग येतो.

पेटी पुढे असलेल्या सायकलीचं वेगळं. तिथं माल पुढच्या चाकावर येतो, आणि शॉकअपचे पैसे खरंच वसूल होतात. पण पुढचं चाक 20 इंची असतं, त्याच मापाचा आणि मालासाठी बनवलेला चिमटाच घ्या. स्प्रिंगचा की हवेचा? हवेचा भरलेल्या-रिकाम्या ओझ्याप्रमाणे जुळवता येतो, पण त्याला वेगळा पंप लागतो आणि सकाळी भरून दुपारी सोडणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. रोजच्या धंद्याला स्प्रिंग. खालून-वर एकाच मापाची हँडलची नळी असलेल्या फ्रेममध्ये चिमट्याची खाली रुंद होणारी दांडी बसत नाही, आणि ब्रेकची डिस्क केवढी चालते ते चिमट्यावर लिहिलेलं असतं. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर बुश (आत बसवायची धातूची कडी) उत्तम करून मिळतो, पण चिमट्याला वेल्डिंग किंवा भोक कुणाकडूनही मारून घेऊ नका.

भाच्याची मोटर मागच्या हबात निघाली. त्याने पुढं 34 चं चेनव्हील, मागं 34 चा फ्रीव्हील आणि नवी चेन घातली. उरलेल्या पैशांत पुढं 2.35 इंची जाड टायर. दोन्ही चाकांत तो सारखीच हवा ठासत होता, पुढची कमी करायला लावली. मुंग्या कमी झाल्यात, गेल्या नाहीत. शॉकअपचं आता दिवाळीनंतर बघू म्हणतोय.