यवतमाळातलं हेल्मेटचं दुकान, दोन कड्यांचा पट्टा आणि रस्त्यातला ट्रॅक्टर

घाटंजी–पांढरकवडा रस्त्यावरच्या एका गावात माझं दुचाकीचं गॅरेज आहे. एकवीस वर्षं झाली. अपघाताची गाडी माझ्याकडे येते तेव्हा पुष्कळदा हेल्मेटही सोबत येतं, हँडलला अडकवलेलं. त्याच्यावर ओरखडासुद्धा नसतो. गाडीचा चिमटा वाकलेला, टाकी चेपलेली आणि हेल्मेट कोरं करकरीत. ते पाहिलं की मला काही विचारावं लागत नाही.

म्हणून भाच्याला कॉलेजसाठी गाडी घेतली त्याच दिवशी बहिणीला सांगितलं, हेल्मेट मी घेऊन देतो. रस्त्याच्या कडेला बाभळीला टांगून विकतात ते नाही. आम्ही यवतमाळला गेलो. दुकान बसस्थानकापासून पायी दहा मिनिटांवर आहे, दोन शटरचं, आत हेल्मेटशिवाय काही नाही. ना सीट कव्हर, ना हॉर्न.

दुकानदाराने पहिला प्रश्न किमतीचा विचारला नाही. शिंप्याची टेप काढली. "भाऊ, आधी डोकं मोजू द्या पोराचं." भुवईच्या बोटभर वरून, कानांच्या वरून, मागे डोकं सगळ्यात फुगीर असतं तिथून टेप फिरवली. ५८ सेंटिमीटर. मग एकाच मापाची तीन कंपन्यांची हेल्मेटं पुढे ठेवली. तिन्हींवर 'एम' लिहिलेलं, तरी एक कपाळावर रुतत होतं, एक डोक्यावर गोल फिरत होतं आणि एकच नीट बसलं. म्हणून मी इथे कंपनीचं नाव लिहीत नाही. माझ्या भाच्याला बसलं ते तुमच्या पोराला बसेलच असं नाही. डोकं सोबत न्यावं लागतं.

भाच्याला मात्र दुसरंच आवडलं होतं. चकचकीत, मागे पंखासारखा तुकडा निघालेलं, 'एल' मापाचं. केस न विस्कटता सहज डोक्यात जायचं. दुकानदार म्हणाला, "हे तुले सैल होते बेटा. मी देत नाई." माझ्या हातात पैसे होते, पोरगा हट्टाला पेटला होता, गिऱ्हाईक तयार होतं, आणि तरी माणूस विकायला तयार नव्हता. या एका गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला बसलो.

त्याने तपासायच्या दोन रीती शिकवल्या. हनुवटीपुढची पट्टी धरून हेल्मेट डावी-उजवीकडे वळवायचं. गालाची कातडी सोबत ओढली गेली पाहिजे. हेल्मेट एकटंच फिरलं तर ते मोठं आहे. दुसरी, पट्टा लावून मागच्या बाजूने हेल्मेट पुढे उलटवून बघायचं. निघालं तर घ्यायचं नाही. मग पंधरा मिनिटं डोक्यावर ठेवून बसायला लावलं, कुठे ठणका लागतो का ते बघायला. आयएसआयचा शिक्का आणि त्याखालचा लायसन्स नंबर स्वतः बोट ठेवून दाखवला. २,३५० रुपये घेतले, पक्कं बिल दिलं.

पट्ट्याचं जरा सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त दुर्लक्ष तिथेच होतं. बाजारात बहुतेक हेल्मेटांना चट्कन उघडणारं बकल असतं. आम्ही घेतलेल्याला दोन लोखंडी कड्या आहेत. पट्टा दोन्हींतून घालून एकीतून परत काढायचा, म्हणजे ओढ बसेल तितका तो आवळतो. मोटोजीपीत, म्हणजे मोटरसायकलच्या सगळ्यात वरच्या रेसमध्ये, हाच दोन कड्यांचा पट्टा चालतो. २०११ मध्ये मलेशियात सेपांगला मार्को सिमोन्चेली पडला, मागून येणाऱ्या दोघांची धडक बसली आणि त्याचं हेल्मेट डोक्यावरून निघून गेलं. तो वाचला नाही. इतका मार असला तर उत्तम हेल्मेटही निघू शकतं. मग आपल्याकडे पट्टा नुसता लोंबता ठेवून टोपीसारखं हेल्मेट घालणाऱ्याचं काय होईल ते सांगायला नको. दोन वर्षांपूर्वी माझ्या एका गिऱ्हाइकाला तिवसाळ्याच्या बाजूला रोही, म्हणजे नीलगाय, आडवा आला. हेल्मेट सापडलं धुऱ्यापलीकडे पऱ्हाटीत, आणि तो सापडला डांबरावर. पट्टा लावलेला नव्हता.

मी रेस बघतो हे गावात सगळ्यांना माहीत आहे. युरोपातल्या रेस आपल्याकडे रविवारी संध्याकाळी लागतात, गॅरेज आवरायच्या वेळेला. २९ नोव्हेंबर २०२० ची बहरीनची फॉर्म्युला वनची, म्हणजे मोटारींच्या सगळ्यात वरच्या दर्जाची, रेस मी पाना हातात धरून पाहिली. पावणेआठच्या सुमारास सुरू झाली आणि पहिल्याच फेरीत रोमां ग्रोजां या रेसरची गाडी लोखंडी कठड्यात घुसली. ताशी १९२ किलोमीटरने. गाडीचे दोन तुकडे झाले आणि आगीचा लोळ उठला. मी पाना खाली ठेवला. मला वाटलं संपलं. पहिल्या फेरीत डॉक्टरांची गाडी रेसच्या मागोमाग धावते, म्हणून डॉ. इयान रॉबर्ट्स लगेच तिथे पोचले, आणि अर्ध्या मिनिटाच्या आत ग्रोजां स्वतःच्या पायांनी जाळातून बाहेर आला. एका पायात बूट नाही, हात भाजलेले, पण डोकं शाबूत.

धक्का ६७ जीचा, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या ६७ पट, मोजला गेला. डोकं आणि हेल्मेट मिळून सहा किलो धरा. हिशोबापुरतं ६७ पट केलं तर चार क्विंटल होतात. चार क्विंटल कापूस एका मानेवर. मान टिकली त्यात हान्स नावाच्या कॉलरचा मोठा वाटा आहे. ती खांद्यावर पट्ट्यांखाली दाबलेली असते आणि दोन वाद्यांनी हेल्मेटला बांधलेली असते, म्हणजे धक्क्याला डोकं पुढे फेकलं जात नाही. अमेरिकेतला प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड आणि त्याचा रेसर मेहुणा जिम डाउनिंग यांनी ती १९८० च्या दशकात बनवली. पण कोणी घालायला तयार नव्हतं. अवघडल्यासारखं होतं म्हणत. २००१ च्या फेब्रुवारीत डेटोनाच्या रेसमध्ये अमेरिकेचा रेसर डेल अर्नहार्ट गेला, कवटीच्या तळाचं हाड मोडून. त्याच वर्षी अमेरिकेच्या नॅसकार रेसमध्ये मान धरून ठेवणारं साधन सक्तीचं झालं, आणि २००३ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये हान्स सक्तीची झाली.

आणि कठड्याचं लोखंड डोक्यापासून अडवलं ते हेलोने. चालकाच्या डोक्याभोवतीची ती टायटॅनियमची कमान, वजन जेमतेम सात किलो, पेलते सुमारे बारा टन. २०१८ मध्ये ती आली तेव्हा केवढी ओरड झाली! गाडी कुरूप दिसते, समोर दांडा येतो, ही कसली रेस. खुद्द ग्रोजां तिच्या विरोधात होता. मर्सिडीज संघाचे प्रमुख टोटो वोल्फ म्हणाले होते, करवत दिली तर कापून टाकीन. २०२१ मध्ये मोंझाला व्हर्स्टापेनची गाडी हॅमिल्टनच्या गाडीवर चढली, चाक त्याच्या डोक्यावर आलं आणि ते याच कमानीने तोललं. हॅमिल्टन तेव्हा मर्सिडीजचाच होता.

भाच्याची कुरकुर ऐकताना मला ही सगळी माणसं आठवत होती. "मामा, हे घातलं का मागून आलेली गाडी समजत नाई. अन् उन्हात डोकं उकडते." गावातले मोठे लोकही हेच म्हणतात. ताशी तीनशेने जाणारेही हेच म्हणत होते, म्हणून मी त्याच्यावर रागावलो नाही. त्याला जुन्या काळचा रेसर जॅकी स्टुअर्टची गोष्ट सांगितली, माझ्या धंद्यातली आहे म्हणून. १९६६ मध्ये बेल्जियममध्ये स्पाला पावसात त्याची गाडी रस्त्याबाहेर गेली. स्टिअरिंगखाली पाय अडकला, अंगावर पेट्रोल सांडत होतं आणि सोडवायला हत्यार नव्हतं. ग्रॅहम हिल आणि बॉब बॉन्डुरंट या दोन रेसरांनी एका प्रेक्षकाकडून पाना मागून आणून त्याला काढलं. जवळजवळ पंचवीस मिनिटं तो पेट्रोलात भिजत पडला होता. त्यानंतर स्टुअर्ट गाडीत पाना चिकटवून ठेवायचा. सीटबेल्ट पाहिजेत, कठडे पाहिजेत, डॉक्टर पाहिजेत म्हणून तो भांडत राहिला. लोक त्याला भित्रा म्हणाले, आणि तरी तो तीनदा जगज्जेता झाला. भाच्याने गोष्ट पूर्ण ऐकून घेतली. पट्टा लावला.

आता आठ महिने वापरल्यावरचं सांगतो.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. दुपारी एकला या हेल्मेटात घाम डोळ्यात उतरतो, पुढच्या दोन झडपांचा काही उपयोग होत नाही. भाचा आता आतून पातळ सुती दुपट्टा बांधतो. पण दुपट्टा बांधल्यावर माप बदलतं, म्हणून बांधायचा असेल तर दुकानात बांधूनच मोजा. आतलं अस्तर काढून धुता येतं, हे चांगलं. पावसाळ्यात काच आतून धुरकट होते, ती बोटभर उघडी ठेवावी लागते. काचेवर पहिल्या दोन महिन्यांतच बारीक चरे पडले, चूक आमची, कोरड्या फडक्याने धूळ पुसली. नवीन काच मागवली तर तीन आठवडे लागले आणि दोनदा फेरी वाया गेली. दुकानदाराने फोन करून कळवायला हवं होतं. लहान मुलांच्या मापाचं त्याच्याकडे एकही नव्हतं, याचं मला वाईट वाटलं. नऊ महिने ते चार वर्षांचं लेकरू गाडीवर असेल तर त्यालाही हेल्मेट लागतं आणि गाडी ताशी ४० च्या वर न्यायची नसते, असा २०२३ पासूनचा नियम आहे. आपल्या रस्त्यांवर रोज किती लेकरं टाकीवर बसून जातात!

एक मोठी गोष्ट हेल्मेटच्या खात्यात धरू नका. दिवाळीनंतर कापसाच्या ट्रॉल्या सुरू होतात. रात्री रस्त्यात उभ्या, मागे दिवा नाही, कापूस ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला. ५ ऑक्टोबर २०१४ ला जपानमध्ये सुझुकाच्या फॉर्म्युला वन रेसमध्ये असंच झालं होतं. पाऊस, अंधारत आलेलं, आणि घसरलेली एक गाडी उचलायला साडेसहा टनांचा ट्रॅक्टर मैदानात आला होता. वेग कमी करा म्हणून पिवळे झेंडे दोन-दोन हलत होते, तरी जूल्स बियांकी या रेसरची गाडी ताशी २१३ ला रस्ता सोडून घसरली आणि १२६ ला त्या ट्रॅक्टरखाली गेली. नऊ महिने बेशुद्ध राहून तो गेला. चौकशी करणाऱ्यांनी स्पष्ट लिहिलं की गाडीवर छप्पर असतं तरी तो मार थोपवता आला नसता. म्हणून २०१५ पासून रेस भरवणाऱ्यांनी वेगच कमी करायची सोय केली. धोका असला की सगळ्यांच्या स्टिअरिंगवर खूण येते आणि सगळ्यांना ठरलेल्या वेळेनेच हळू जावं लागतं, कोणाच्या अंदाजावर सोडलेलं नाही. ज्या लोकांचं पोट वेगावर चालतं त्यांनी हे केलं. टायटॅनियमची कमान, मानेची कॉलर, दोन कड्यांचा पट्टा हे जोरात जाण्यासाठी. ट्रॅक्टर उभा असेल तिथे मात्र जोरात जायचंच नाही.

भाच्याला तेवढी एकच अट घातली आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, अंधार पडला की ४०. मी गाडीला काही यंत्र बसवलेलं नाही. तो सातला निघाला की त्याने फोन करायचा, आणि अडतीस किलोमीटरला एक तास लागलाच पाहिजे. पाऊण तासात आला तर दुसऱ्या दिवशी एसटी. दोनदा एसटीने गेला.

दुकानातून निघताना काउंटरखाली लाल रेडियमच्या पट्टीच्या गुंडाळ्या दिसल्या, दोन इंच रुंद. मी सहा घेतल्या. हंगामात गॅरेजसमोर चहाला थांबणाऱ्या ट्रॉल्यांच्या फाळक्याला लावत गेलो, एकोणतीस झाल्या. पहिल्यांदा लोक विचारायचे, "मिस्त्री, किती झाले?" आता स्वतःच ट्रॉली उलटी लावून उभी करतात. सहावी गुंडाळी संपत आली आहे, पुढच्या बुधवारी बाजारला गेलो की आणखी आणायची आहे, आणि बहिणीचं डोकंही मोजून घ्यायचं आहे.