बिनबिलाचं पाकीट

२०२४ च्या हंगामात मी तीन एकरांत चोरबीटी लावली, म्हणजे चोरून विकलं जाणारं, तणनाशकाला न जळणारं म्हणून खपवलेलं पऱ्हाटीचं (कापसाचं) बियाणं. नाव कुणाचं घेत नाही, पण कसा फसलो ते सांगतो.

मिरगाच्या आधी शेजारच्या गावचा ओळखीचा माणूस घरी आला. "भाऊ, तणनाशक मारलं तरी ही पऱ्हाटी जळत नाही. निंदणाला बाया शोधत फिरू नका." आदल्या वर्षीची निंदणाची मजुरी आठवली अन् मी हो म्हटलं. कृषी केंद्रात परवानगीच्या बीजी-२ कापूस बियाण्याचं पाकीट तेव्हा ८६४ रुपयांना, याचं चौदाशेला. सहा पाकिटं घेतली. छपाई चकचकीत, पण कंपनीचा पत्ता नाही, लॉट नंबर नाही. बिल मागितलं तर हसला. मीही हसलो!

उगवण बरी झाली. महिनाभरानं ग्लायफोसेट हे तणनाशक फवारलं. आठवडा-दहा दिवसांत तण पिवळं पडलं, सोबत पऱ्हाटीही. सगळी नाही. एकाच ओळीत दोन झाडं हिरवीगार, तिसरं वाळलेलं. हे तणनाशक झाडातलं एक विकर (एन्झाइम) बंद पाडतं. तणरोधक वाणात मातीतल्या जिवाणूचं जनुक टाकलेलं असतं, म्हणून ते वाचतं. ज्या झाडात ते जनुक नाही, ते तणासारखंच मरतं. माझ्या पाकिटात बहुतेक जिनिंगमधली सरकी मिसळलेली होती. संकरित कापसाची सरकी पुन्हा पेरली की सगळी झाडं सारखी निघत नाहीत.

बियाणं खोटं निघालं तर तालुक्याची तक्रार निवारण समिती वावरात येऊन पंचनामा करते. पण अर्जासोबत बिल लागतं, पाकीट अन् टॅग लागतो. त्यात या वाणाला देशात परवानगीच नाही. २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकरी संघटनेनं ते उघडपणे लावून आंदोलन केलं, तरी नाही. मग अर्ज कोणत्या तोंडानं करायचा? तोंड दाबून बुक्क्यांचा मार. दीड एकर मोडून तूर टोबली.

मे २०२५ मध्ये भाताच्या दोन जनुक-संपादित, म्हणजे जनुकात नेमका बदल करून तयार केलेल्या, वाणांची घोषणा झाली. पठ्ठ्या ती बातमी मोबाइलवर घेऊन पुन्हा दारात. "तेच तंत्र आता कापसात आलंय. पावसाचा खंड पडला तरी पऱ्हाटी सुकत नाही." भात कुठं, पऱ्हाटी कुठं! मी म्हटलं, "आधी बिल फाड." पाकिटं पिशवीत कोंबून तो पुढच्या घरी गेला.