पीजीके-२ साठी अँटिबॉडी: पॉलिक्लोनल घ्यावी की मोनोक्लोनल?

सांगली-मिरजेकडे प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करणारी मुलं प्रकल्पासाठी पुरुष-वंध्यत्वाचा विषय घेतात, तेव्हा एखादं प्रथिन शोधायला त्याला चिकटणारी अँटिबॉडी कोणती घ्यावी, पॉलिक्लोनल (अनेक अँटिबॉडींचं मिश्रण) की मोनोक्लोनल (एकाच प्रकारची), हा प्रश्न हमखास येतो. उदाहरण पीजीके-२ चं घेऊ; साखरेतून ऊर्जा मिळवायला लागणारं हे एक विकर. शुक्रपेशी तयार होताना एक्स गुणसूत्र गप्प होतं, त्यावरचं पीजीके-१ चं जनुक बंद पडतं आणि हे वृषणातलं प्रथिन त्याचं काम उचलतं.

सशाची पॉलिक्लोनल तुलनेनं स्वस्त. ती प्रथिनाच्या अनेक जागा पकडते, त्यामुळे बुआँ द्रावणात टिकवलेल्या ऊतीच्या काचपट्टीवरही बहुधा रंग देते. पण पीजीके-१ आणि पीजीके-२ सख्खी भावंडं. अख्खं प्रथिन टोचून केलेली पॉलिक्लोनल दोघांनाही धरणार. शिवाय सशाच्या सीरममधल्या इतर अँटिबॉडी शुक्राणूच्या अ‍ॅक्रोसोमला, म्हणजे डोक्यावरच्या टोपीला, उगाच चिकटतात. तिथला सुंदर रंग पाहून हुरळू नका. त्याच सशाचं लसीकरणापूर्वीचं सीरम तुलनेसाठी शेजारच्या पट्टीवर लावाच.

मोनोक्लोनल एकच जागा ओळखते. कोलर आणि मिलस्टाईन यांच्या १९७५ च्या हायब्रिडोमा तंत्रामुळे (अँटिबॉडी बनवणारी पेशी कर्करोगी पेशीशी जोडण्याचं तंत्र) तीच अँटिबॉडी पुन्हा पुन्हा मिळते. मात्र फिक्सेशनमध्ये, म्हणजे ऊती द्रावणात टिकवताना, ती जागा झाकली गेली, तर पट्टी कोरी. आणि उंदराची मोनोक्लोनल उंदराच्याच वृषणावर वापरली, तर तिला ओळखून रंग देणारी दुय्यम अँटिबॉडी ऊतीतल्या मूळच्या आयजीजीलाही (उंदराच्या स्वतःच्या अँटिबॉडीला) धरते.

माझं मत स्पष्ट आहे: पीजीके-२ साठी मोनोक्लोनल, तीही शक्यतो सशाची. बजेट नसेल, तर फक्त पीजीके-२ मधल्या वेगळ्या तुकड्याविरुद्ध बनवलेली, शुद्ध केलेली पॉलिक्लोनल. दोन्हींत यकृताचा नमुना ब्लॉटवर (प्रथिनं वेगळी करून पडद्यावर तपासण्याच्या चाचणीत) हवाच. तिथे पीजीके-१ भरपूर असतं. पट्टा उमटला, तर ती अँटिबॉडी बाजूला ठेवा.