तांबाकाट्यावर मिळालेला रोमन तराजू

आमच्या घराण्याचा मशीद बंदरला मसाल्याच्या पदार्थांचा व्यापार होता आणि बाजार वाशीला हलल्यानंतरही मी वीस वर्षे गाळ्यावर बसलो, त्यामुळे तराजू ही माझ्या हाताला सर्वांत ओळखीची वस्तू आहे. तांबाकाटा या बाजाराच्या नावातच काटा आहे. तेथील एका पितळी भांड्यांच्या दुकानात मागील महिन्यात प्राचीन रोमन तराजूची प्रतिकृती टांगलेली दिसली आणि 3,200 रुपये देऊन मी ती घेतली. पंधरा दिवस तिच्यावर घरातील डाळ, तांदूळ आणि मिरी तोलून पाहिल्यानंतर हा अभिप्राय लिहीत आहे.

आपल्या दोन पारड्यांच्या ताजव्याहून हा तराजू मुळातच वेगळा आहे. दांडी ज्या हुकाला टांगायची, त्याच्या एका बाजूला ती आखूड आणि दुसऱ्या बाजूला लांब असते. आखूड टोकाला माल लावायचा, लांब बाजूवर एकच वजन सरकवत न्यायचे आणि दांडी आडवी स्थिरावली की वजन ज्या खाचेवर असेल तेथील अंक वाचायचा. वजनांचा संच बाळगावा लागत नाही, ही याची मोठी सोय. जर्मनीतील ड्रेस्डेन येथे जतन केलेल्या एका रोमन शिल्पपटात खाटीक मांस तोडत आहे, त्याच्या मागे असाच तराजू टांगला आहे आणि समोर खुर्चीत बसलेली स्त्री मेणाच्या पाटीवर हिशेब लिहीत आहे. असे दुकान चालवणारे कुटुंब मी मशीद बंदरला रोज पाहत आलो, म्हणून ते चित्र मला परके वाटत नाही.

कारागिरी उत्तम आहे. दांडी 38 सेंटीमीटर लांब असून सरकते वजन व्यापाराचा देव मर्क्युरी याच्या मस्तकाच्या आकाराचे आहे. रोमन लोक अशी वजने काशाची करीत आणि अनेकदा आत शिसे ओतीत. येथे काशाऐवजी पितळ असले तरी शिसे तसेच भरले आहे, आणि पंखांच्या टोपीवरील रेषासुद्धा बोटाला लागतात. दांडीवर रोमन अंक कोरले आहेत, अर्ध्यासाठी एस हे अक्षर आहे आणि मधल्या अंशांसाठी ठिपके आहेत. रोमन रत्तल, म्हणजे लिब्रा, सुमारे 327 ग्रॅमचा होता आणि त्याचे बारा भाग पडत. अशा एका भागाला उन्किया म्हणत.

मी पहिल्यांदा तोलली ती काळी मिरी. पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी याने काळ्या मिरीचा भाव लिब्रामागे 4 दिनार, पांढऱ्या मिरीचा 7 आणि पिंपळीचा 15 दिनार असा नोंदवला आहे. ही मिरी भारतातून समुद्रमार्गे जात असे. हुकाला लावलेल्या कापडी पिशवीत एक लिब्रा मिरी भरली आणि दांडी हलत हलत आडवी झाली, तेव्हा ज्या मालात माझी हयात गेली तो रोमच्या दुकानात कसा तोलला जात असेल हे मला डोळ्यांनी दिसले. या एका क्षणासाठी मी दिलेले पैसे वसूल झाले, असे मी मनापासून म्हणतो.

आता दोष. या तराजूला टांगण्याचे दोन हूक आहेत. दांडी उलटी करून दुसऱ्या हुकाला टांगली की जड माल तोलता येतो आणि त्या बाजूच्या खाचा वेगळ्या आहेत. हलकी बाजू 6 लिब्रांपर्यंत चालते आणि ती चोख आहे: इलेक्ट्रॉनिक काट्यावर तपासलेली 1 किलो तूरडाळ तीन लिब्रा आणि एका उन्कियाच्या किंचित अलीकडे आली, जशी यायला हवी. जड बाजूवर मात्र 5 किलो तांदूळ साडेचौदा लिब्राच भरले. ते पंधराच्या वर जायला हवे होते. म्हणजे पाच किलोमागे पाव किलोहून अधिक तूट. सोबतच्या माहितीपत्रकाप्रमाणे मालाचा हूक आणि टांगणीचा हूक यांत 20 मिलिमीटर अंतर हवे, प्रत्यक्षात ते 19 भरले. आखूड बाजूवरचा एक मिलिमीटर म्हणजे पाच टक्के, हे कारागिराच्या ध्यानात यायला हवे होते.

येथेच या वस्तूचे मर्म आहे. ताजव्यात खोट असेल तर मालाची आणि वजनाची पारडी अदलाबदल करून गिऱ्हाईक ती पकडू शकते. या तराजूत खोट हुकाच्या जागेत लपते आणि काटा मारणाऱ्याचे फावते. म्हणूनच रोममध्ये वजनमापांची तपासणी हे सार्वजनिक काम होते आणि बाजारावर देखरेख ठेवणारे ईडाइल नावाचे अधिकारी असत. इसवी सन 77 मधील एका तराजूवर तो कॅपिटोल टेकडीवरील प्रमाणाशी ताडून पाहिल्याचा लेख कोरलेला आहे. पॉम्पेईच्या चौकात मापांचे दगडी मेजच होते: त्यात ठरावीक मापाचे खळगे, तळाला भोक, धान्य खळग्यात भरायचे आणि खालून पिशवीत घ्यायचे. इसवी सनापूर्वी 20 च्या सुमारास ते खळगे जुन्या स्थानिक मापांवरून रोमन मापांप्रमाणे दुरुस्त करण्यात आले. शेर, पायली जाऊन किलो आल्यावर आपल्या बाजारांत झालेली उलथापालथ ज्यांनी वडिलांकडून ऐकली आहे, त्यांना त्या दुरुस्तीचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.

मी तराजू घेऊन दुकानात परत गेलो. आतून आलेल्या तरुण कारागिराने फूटपट्टी लावून पाहिले आणि म्हणाला, “काका, चूक आमचीच आहे, आठ दिवसांत हूक सरकवून देतो.” त्याने वाद घातला नाही, पैसेही मागितले नाहीत, हे आवर्जून नोंदवतो. या प्रतिकृतीवर वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्का नाही, तेव्हा दुकानात विक्रीसाठी ती वापरू नये. इतिहास शिकवणाऱ्या शिक्षकांनी मात्र ती अवश्य घ्यावी. फक्त पैसे देण्यापूर्वी पाच किलोची बंद पिशवी सोबत न्यावी आणि दुकानदारासमोर जड बाजूवर तोलून पाहावी.