लेकासाठी मेलाटोनिन: गमी टाकून दिली, गोळी ठेवली

माझा लेक आठ वर्षांचा आहे. त्याला अपस्मार आहे, फिट्स बहुतेक पहाटेच्या. झोप कमी पडली की हमखास. त्यामुळे रात्री साडेअकराला टक्क डोळे उघडे ठेवून पडलेलं पोर बघितलं की माझ्या पोटात गोळा यायचा.

न्यूरॉलॉजिस्टनी मेलाटोनिन सुचवलं, म्हणजे अंधार पडला की शरीर झोपेसाठी स्वतः बनवतं ते हार्मोन. मी आधी त्याची गमी, म्हणजे चघळायची जेलीसारखी गोळी आणली, गोड असल्यानं तो कुरकुर करणार नाही म्हणून. एका रात्री पंधरा मिनिटांत गाढ झोप, दुसऱ्या रात्री तीच गमी घेऊन अकरापर्यंत गप्पा. नंतर वाचलं की 2023 मध्ये अमेरिकेत 25 गमी तपासल्या, तर 22 मध्ये लेबलवरचा आकडा खोटा निघाला, एकीत मेलाटोनिन नव्हतंच. फिटचं औषध मी मिलिग्रॅम मोजून देते आणि झोपेचं असं अंदाजपंचे? डबी त्याच दिवशी टाकली.

मग डॉक्टरांनी लिहून दिलेली, हळूहळू विरघळणारी गोळी आणली. इथे माझी चूक झाली. गिळता येत नाही म्हणून दोन चमच्यांमध्ये चुरडून पाण्यात दिली. झोपला लवकर, पण दोन वाजता टक्क जागा. चुरडली की सगळं औषध एकदम सुटतं आणि मेलाटोनिन शरीरातून तास-दोन तासांत उतरतं. ते गोळीसोबतच्या कागदावर लिहिलं होतं, मुंगीच्या अक्षरात. पुढे छोटी गोळी मिळाली, ती तो घोटभर पाण्याबरोबर गिळतो.

सुरुवातीला भीती वाटली, खोटं का बोलू. 1998 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं होतं की मेंदूचे विकार असलेल्या सहापैकी चार मुलांच्या फिट्स मेलाटोनिनवर वाढल्या. नंतर अपस्मार असलेल्या मुलांवर छोटी चाचणी झाली, तिच्यात फिट्स बिघडल्या नाहीत. झोप सरासरी 11 मिनिटं लवकर लागली आणि रात्रीची जाग 22 मिनिटांनी घटली. तरी पहिले दोन आठवडे मी त्याच्या पाठीवर हात ठेवूनच झोपले. वहीत रोज लिहायचे: गोळी कधी, डोळे कधी मिटले, जाग, फिट.

सहा महिन्यांची वही सांगते की साडेअकराचे पावणेदहा झाले. फिट्स तेवढ्याच आहेत. कमी होतील असं मला कुणी सांगितलंही नव्हतं, ते काम त्याच्या नेहमीच्या औषधाचं, त्याला मी हात लावलेला नाही. सकाळी आठवडाभर गुंगी होती, गोळी अर्धा तास लवकर दिल्यावर गेली. मोबाइल समोर चालू असला की मात्र गोळी असून नसल्यासारखी, कारण उजेडात शरीर स्वतःचं मेलाटोनिनही रोखतं.

कार्बामाझेपिन हे फिटचं औषध चालू असेल तर डॉक्टरांना आधी विचारा, त्यानं मेलाटोनिनचा असर कमी होऊ शकतो.

काल रात्रीची नोंद: गोळी 9, डोळे मिटले 9:40, जाग एकदा, पाणी मागितलं, पुन्हा झोपला.